आधी कोणी कोणाच्या दारी जावे?

दि. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या, व पुष्कळ कुटुंबांस गोखलेनगरासारख्या नव्या वस्तीत बिऱ्हाड करावे लागले. वाड्यात नळ एक, अंगण एक. तेथे शेजार आयता मिळे. नव्या वस्तीत तो जोडावा लागतो. नवख्याने प्रथम जावे, असे लोक म्हणतात. आम्हांस हे पटत नाही. वाणी कोठे, दवाखाना कोठे, हे जुन्यास ठाऊक. तर त्यानेच निघावे. आणि जेथे सगळेच नवखे, तेथे? आम्ही पुण्याच्या एका उपनगरात राहावयास गेलो, तेव्हा पंधरा दिवस मान धरून बसलो होतो. शेवटी समोरच्या आजीबाई पाण्याची वेळ सांगावयास आल्या. त्या आमच्या आधी आठच दिवस आल्या होत्या.