ताण कोणी सोसायचा?

वाद्य बेसूर झाले की आपण प्रथम तारेला दोष देतो. तार डोळ्यांना दिसते आणि थोडक्या पैशांत बदलता येते. तिचा ताण ज्या लाकडावर पडतो, ते मात्र मुके असते. दोष जेथे दिसतो तेथेच तो असतो, असे मानणे न्यायाचे आहे काय?

मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अशा तानपुऱ्याला नव्या तारा चढविताना काय दिसते? एकच तार उतरत असेल, तर बहुधा तिची खुंटी सैल असते. तार पुनःपुन्हा एकाच जागी तुटत असेल, तर तेथील कड तपासावी. एक तार चढविताना इतर किंचित उतरणे स्वाभाविक आहे; परंतु हे उतरणे थांबतच नसेल, तर दांडी वाकते आहे, भोपळ्याचा सांधा सुटतो आहे किंवा घोडीखालची तबली दबते आहे, असा संशय घ्यावा. तेथे नवी तार म्हणजे जुन्या दुखण्यावर नवा भार होय. पियानोत तर सुमारे २३० तारांचा एकत्रित ताण १८ ते २० टनांपर्यंत जातो. तो सोसणारी बिडाची चौकट तडकलेली असेल, तर तारा बदलून काय साधणार?

गिऱ्हाइकाने केवळ तारा बदलावयास सांगितले असता कारागिराने सांध्याची फट दाखवावी काय? मागितले तेवढेच काम करणे व्यवहारात बसते. तथापि दिसलेली फट न सांगणे हा आम्ही असत्याचाच प्रकार मानतो. वाद्याच्या धन्यानेही, सांधा पक्का होईपर्यंत सूर उतरवून ठेवण्याचा संयम बाळगावयास हवा.

प्लेटोच्या ‘फीडो’ या संवादात सिमियास म्हणतो, की आत्मा हा वीणेतील स्वरमेळासारखा आहे. सॉक्रेटिस उत्तर देतो, की मेळ आपल्या घटकांच्या मागून चालतो, त्यांच्यावर अधिकार चालवीत नाही. आत्मा मात्र शरीरावर अधिकार चालवितो. सांधा सुराने दुरुस्त होत नाही. ते काम माणसाचे.

नवागामात खानदेशाकडून येऊन स्थिरावलेल्या आपल्या घरांना हा विचार परका नाही. नातवाचे मराठी अडखळले की आपण त्याचीच खुंटी पिळतो. घरातील बोलणे, वाचणे, सायंकाळी एकत्र बसणे यांचा सांधा किती घट्ट उरला आहे, हे आपण वडीलधाऱ्यांनी आधी पाहावे. सगळा ताण त्या लेकराने एकट्याने सोसावा, हे न्याय्य नव्हे.