मिठाला वर चढू न देणारी मुळी

खाऱ्या पाण्यावर तगून राहिलेल्या द्राक्षवेलीचं पान तपासलं तर त्यात मीठ कमीच सापडतं. ही वेल मीठ पचवत नाही, त्याला वर चढूच देत नाही. द्राक्षाच्या क्षारसहनशीलतेचं बरंचसं मर्म इथेच आहे, आणि त्याचा उलगडा पानात नव्हे, मुळीत होतो.

मुळीने ओढलेलं पाणी वेलीच्या जलवाहिन्यांतून पानापर्यंत जातं. तिथे पाण्याची वाफ होते, मीठ मागे उरतं. रोज थोडं थोडं साठत गेलं की पानाच्या कडा करपतात. द्राक्ष या बाबतीत नाजूकच. जमिनीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता 1.5 डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की उत्पन्न घटू लागतं, आणि पुढच्या प्रत्येक एककाला साधारण दहा टक्के कमी होतं.

मग काही खुंटांवर, म्हणजे ज्यांच्या मुळांवर द्राक्षाचं कलम केलं जातं त्या वेलींवर, पानं हिरवी कशी राहतात? मुळीत जलवाहिनीला लागून असलेल्या पेशींच्या पटलात एक प्रथिन बसलेलं असतं. वर निघालेल्या पाण्यातला सोडियम ते बाहेर ओढून घेतं. एसटी पुढे जाते, पण एका प्रवाशाला पहिल्याच थांब्यावर उतरवून दिलं जातं, तसंच हे. प्रथिन चपळ असेल तर पान वाचतं, मंद असेल तर सोडियम शेंड्यापर्यंत पोचतो.

हे प्रथिन घडवणारं जनुक ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवून दिलं. त्यांनी दोन संकरित खुंटांचा पुन्हा संकर केला होता. एक '140 रुगेरी', म्हणजे बर्लँडिएरी आणि रुपेस्ट्रिस या अमेरिकी रानवेलींची संतती. दुसरा 'के 51-40', चॅम्पिनी आणि रिपारिया यांची संतती. पहिला सोडियम अडवतो, दुसरा वर जाऊ देतो. संततीतल्या रोपांना खारं पाणी देऊन पानांतला सोडियम मोजला आणि हा गुण गुणसूत्रावर कुठे आहे ते शोधलं. त्या जागी एकाच घराण्यातली सहा जनुकं सापडली. त्यांतून 'एचकेटी 1;1' या जनुकावर बोट ठेवण्यासाठी ते बेडकाच्या अंडपेशीत घालून सोडियमचा प्रवाह मोजावा लागला. द्राक्षाच्या मुळीची परीक्षा बेडकाच्या अंड्यात! चपळ आणि मंद प्रथिनांतला फरक फार मोठा नव्हता. पेशीच्या पटलातून आरपार जाणाऱ्या एका भागात विद्युतभार असलेलं अमिनो आम्ल आलं, की सोडियमची वाट अरुंद होते. जनुकाचं चपळ रूप प्रभावी आहे, आईबापांपैकी एकाकडून आलं तरी पुरतं. पैदास करणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मंद रूपांचा माग काढत गेल्यावर ती चॅम्पिनी आणि रुपेस्ट्रिस या रानजातींकडेच पोचली. रानातलं ते सगळंच काटक, हा आपला लाडका समज इथे टिकत नाही. रानवेलींतही चपळ आणि मंद अशी दोन्ही रूपं नांदतात.

आपला डॉगरीज हा टेक्सासमधला खुंट चॅम्पिनीच. महाराष्ट्रात थॉमसन या द्राक्षाच्या वाणाचे डोळे त्याच्यावर भरले गेले आणि त्याने पाण्याच्या ताणात बागा तगवल्या, हे श्रेय त्याचंच. पण डॉगरीजवरच्या जुन्या बागांत देठात सोडियम वाढलेला आणि पोटॅश घटलेलं आढळतं. एवढ्यावरून त्याच्याकडे मंद रूपच आहे असं ठरत नाही, प्रत्येक चॅम्पिनी सारखा नसतो. तरी संशयाला जागा आहे.

शिवाय एचकेटी फक्त सोडियमपुरतं. क्लोराईड अडवण्याचं काम वेगळं आहे. ते एकाच जनुकाचं असावं असं पूर्वी वाटलं होतं, पण पुढच्या संकरांत रोपांतला फरक पायरीपायरीने न येता सलग उतरता दिसला, म्हणजे ते अनेक जनुकांत वाटलेलं आहे. म्हणून एखादा खुंट क्लोराईड छान अडवूनही सोडियमला वाट देऊ शकतो. 'क्षाराला चांगला' हे रोपवाटिकेतलं प्रमाणपत्र अर्धवट ठरतं ते यामुळे.

नवी बाग लावणाऱ्याने पाण्याच्या रिपोर्टात केवळ एकूण क्षार बघून थांबू नये. सोडियम आणि क्लोराईडचे आकडे वेगळे वाचावेत, आपल्या विहिरीत जास्त काय आहे ते पाहावं, आणि मगच खुंट मागवावा.