देवदूतांचा न्याय आणि दोन फुटांची भिंत

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय आमच्या मंडळीत बहुधा अर्धाच ऐकला जातो. पवित्र जन जगाचा न्याय करतील, देवदूतांचासुद्धा करतील, इथे सगळ्यांच्या माना ताठ होतात. पौल हे कशावरून बोलला, तिथे कोणी थांबत नाही. तो बोलला एका दाव्यावरून. करिंथात एका विश्वासणाऱ्याने दुसऱ्याला कोर्टात खेचलं होतं, तेही संसारातल्या कुठल्याशा देण्याघेण्यावरून. पुढे ज्यांच्यापुढे देवदूत उभे राहायचे, त्यांना घरातला मामुली तंटा मिटवता येत नाही, याची पौलाला लाज वाटते. आपल्यालाही वाटावी म्हणून तर तो हे लिहितो.

मला हा अध्याय लागतो, कारण माझी उभी वकिली अशाच दाव्यांत गेली. दिवाणी कोर्ट आणि धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय, ज्याला आम्ही वकील नुसतं ‘चॅरिटी’ म्हणतो. विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट, त्यावर हरकत, हरकतीच्या निकालावर अपील. दोन्हीकडचे पक्षकार रविवारी एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारे.

माझ्या नागपुरातच 29 नोव्हेंबर 1970 रोजी, ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. अँग्लिकन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, ब्रेदरन अशा निरनिराळ्या परंपरांची माणसं एका नावाखाली आली. ही लहान गोष्ट नव्हती. पण गुजरातेतल्या ब्रेदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद त्यातूनच उभा राहिला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथे 2005 मध्ये निकाल झाला, 2013 मध्ये पुन्हा झाला. एकीकरणाचा ठराव केला म्हणून ट्रस्टची मालमत्ता आपोआप नव्या संस्थेकडे जात नाही, असं न्यायालयाने सांगितलं. कायदा म्हणून निकाल चोख आहे. पण एका प्रभूचे म्हणवणाऱ्यांना तो बाहेरच्यांकडून घ्यावा लागला, हे मला फार लागतं.

रामदासपेठेतल्या माझ्या फ्लॅटवर आजही लोक फाइल घेऊन येतात. मागे दोन गृहस्थ आले, एकाच मंडळीतले. वाद कंपाउंडच्या भिंतीचा. टेबलावर आखीव पत्रिका, नझूलच्या पट्ट्याची जीर्ण प्रत आणि मोजणीचा नकाशा पसरला. नकाशावर लाल शाईची रेघ, तिच्या शेजारी पेन्सिलीने कोणीतरी ओढलेली दुसरी. दोन्हींमधलं अंतर दोन फूट. “बाई, तत्त्वाचा प्रश्न आहे,” थोरले म्हणाले. मी पवित्र शास्त्र उघडून त्यांच्यापुढे ठेवलं आणि पौलाचा पुढचा प्रश्न त्यांनाच वाचायला लावला: त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, नुकसान का होऊ देत नाही, असं तो विचारतो. धाकट्यांनी चष्मा काढून पुसला. थोरले म्हणाले, “मग कायदा कशाला शिकलात?”

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मला तीन जागी मिळतं. करिंथच्या पत्रात न्याय करण्याची गोष्ट संपते ती नुकसान सोसण्यावर. मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात येशू शिष्यांना बारा आसनांचं वचन देतो, पण कधी? श्रीमंत तरुण संपत्ती सोडवेना म्हणून खिन्न होऊन निघून गेल्यावर, आणि आम्ही सर्व सोडून आलो असं पेत्र म्हणाल्यावर. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात आसनं दिसतात, आणि लगेच दिसतात साक्षीपायी शिरच्छेद झालेले. तिन्ही ठिकाणी ज्याने काही सोडलं, गमावलं, त्याच्याशीच निवाड्याचा अधिकार जोडलेला आहे. यात मला मोठी संगती दिसते. ज्याचं वादाच्या जमिनीत काही अडकलेलं नाही, तोच सरळ पाहू शकतो. मुख्य न्यायाधीश येशू तर पिलाताच्या कोर्टात स्वतः आरोपी म्हणून उभा राहिलेला. म्हणूनच दुसऱ्याचे दोष काढू नका, असं सांगणारा येशू आणि न्याय करा म्हणणारा पौल यांच्यात मला विरोध वाटत नाही. दोष काढणाऱ्याला जिंकायचं असतं, न्याय करणाऱ्याला नाही.

ऑगस्टीन हिप्पोचा बिशप असताना लोकांचे तंटे ऐकण्यात त्याचे दिवसच्या दिवस जात. त्याला ते ओझं वाटे, तरी त्याने ते टाकलं नाही. आपल्या पाळकांना आणि वडीलजनांना हे शिकवायला हवं: कागद वाचणं, दोन्ही बाजू ऐकणं, श्रीमंत कुटुंबाला वेगळी खुर्ची न देणं.

मात्र एक गोष्ट मी त्या दोघांना बजावून सांगितली आणि इथेही सांगते. पौलाने सोसायला सांगितलं ते स्वतःचं नुकसान. दुसऱ्याचं सोसायला सांगण्याचा हक्क त्याने कोणाला दिलेला नाही. लेकराला कोणी हात लावला, सुनेला मारहाण झाली, नोकराचा पगार बुडवला, तर मंडळीने घरातल्या घरात मिटवू म्हणत दार लावून घेणं हे पाप आहे. तिथे पोलिसांत जायचं, कोर्टात जायचं, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यासोबत मंडळीने उभं राहायचं. अशा वकीलपत्रावर मी आजही सही करीन. भिंतीच्या दाव्यात धाकट्यांनी दावा मागे घेण्याची पुरसिस दाखल केली. थोरल्यांनी भिंत कुठे बांधायची, ते अजून ठरवलेलं नाही.