दोन घरचा पाहुणा

‘दोन घरचा पाहुणा उपाशी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. तिच्यातला विनोद आधी जाणवतो, दुःख मागाहून. पाहुण्याला दोन्ही घरी अगत्याचे बोलावणे असते. दोन्ही घरच्या गृहिणी मनाने चांगल्या; परंतु एकीला वाटते, तो तिकडेच जेवला असेल, आणि दुसरीलाही नेमके तेच वाटते. पाहुणा बिचारा भिडस्त. कुणाच्याही मनात पाप नसताना एक माणूस पाणी पिऊन निजतो. हे कसे घडते, याचा उलगडा करताना मला नीतिशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा नववीच्या गणितातले ‘संच’ हे प्रकरण अधिक उपयोगी पडले, असे म्हटले तर वाचक हसतील. हसावे, दिवाळी आहे.

समजा, मुरबाड तालुक्यातल्या एखाद्या गावी भजनी मंडळात ४० माणसे आहेत आणि लेझमाच्या मेळात २५. काकडआरतीच्या समाप्तीला दोघांनाही जेवण आहे. पत्रावळी किती मांडावयाच्या? घाईचा माणूस सांगेल, ६५. पण गावात टाळही कुटणारी आणि लेझीमही खेळणारी १० माणसे आहेत, हे आचाऱ्याला ठाऊक असते. तो ५५ पाने मांडतो. आचाऱ्याच्या या शहाणपणालाच गणितात ‘संयोग संच’ म्हणतात. जो पहिल्या संचात आहे, किंवा दुसऱ्या संचात आहे, किंवा दोन्हींत आहे, तो संयोगात आहे. आणि एकदाच आहे. संचांच्या विचाराला शास्त्राची बैठक दिली ती गेओर्ग कँटर (१८४५–१९१८) या गणितज्ञाने. संयोगाचे चिन्ह १८८८ साली इटलीच्या पेआनोने वापरले. ते वर तोंड केलेल्या वाटीसारखे दिसते, हे मला फार आवडते.

या व्याख्येतला ‘किंवा’ हा शब्द मोठा उदार आहे. मराठीला ‘की’ आणि ‘किंवा’ यांतला फरक चांगला समजतो. ‘चहा घेणार की कॉफी?’ असे विचारले असता ‘दोन्ही’ म्हणणारा हावरट ठरतो. परंतु ‘ज्याला टाळ किंवा लेझीम येते त्याने पंगतीला बसावे’ असे म्हटले, तर दोन्ही येणाऱ्याला कोणी उठवीत नाही. ‘की’ निवड मागतो, ‘किंवा’ माणसाला आहे तसा आत घेतो. पुष्कळ ठिकाणी आयुष्य ‘किंवा’ म्हणत असते आणि आपण मात्र ‘की’ विचारीत बसतो.

आता त्या दहांकडे पुन्हा पाहू. चाळीस अधिक पंचवीस, वजा दहा. आपण वजा केले ते काय? ती दहा माणसे नव्हेत. त्यांची दुसरी मोजणी. ती वजा केल्यावरही माणसे शिल्लक राहतात. मुलांना हे शिकविताना येथेच घोटाळा होतो, आणि मोठ्यांचाही येथेच होतो. भजनवाले म्हणतात, ते दहा लेझमाकडे धरा. लेझीमवाले म्हणतात, ते भजनाकडे धरा. मग ३० अधिक १५, पाने ४५. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो तो या पंचेचाळिसाच्या हिशेबाने.

पासष्टाची चूक आपल्याला लवकर दिसते, कारण पंगत उठल्यावर दहा पाने उरलेली असतात आणि नासाडी डोळ्यांत भरते. पंचेचाळिसाच्या चुकीत मागे काहीच उरत नाही. ज्याला पान मिळाले नाही तो मुकाट्याने निघून जातो. म्हणूनच ‘दुबार’ हा शब्द कचेऱ्यांत इतका बोकाळला आहे. दुबार मतदार, दुबार शिधापत्रिका. दोनदा मोजला गेलेला शोधून काढावाच. त्याबद्दल तक्रार नाही. पण एकदाही न मोजला गेलेल्यासाठी आपल्या भाषेत तसा सुटसुटीत शब्ददेखील नाही.

खरे म्हणजे मोजणीला हा मुलूख नवखा नव्हे. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याकडून नाणेघाट चढून गेले की माथ्यावर सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गायी आणि कार्षापणे त्यात अंकांनी मोजून ठेवली आहेत. आपल्या देशातल्या जुन्यांत जुन्या अंकांपैकी हे अंक. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकीत असे सांगतात. असा मोजणीचा दोन हजार वर्षांचा वारसा.

आणि त्याच घाटाखाली दिवाळी उलटली, भाताची झोडणी झाली, की कातकरी कुटुंबे उचल घेऊन कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. मुरबाड-शहापूरच्या वाड्यांतली ही माणसे दोन गावांची. २०११ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, म्हणजे ऐन भट्टीच्या हंगामात. पण तिचा नियम शहाणा होता: जो त्या साऱ्या काळात घराबाहेर असेल त्याला सापडेल तेथे मोजावयाचे, मग घरी पुन्हा मोजावयाचे नाही. हा आचाऱ्याचा हिशेब.

शाळेचे मात्र तसे सहज होत नाही. मूल वाडीच्या शाळेच्या पटावर असते आणि अंगाने भट्टीवर असते. वाडीचे गुरुजी म्हणतात, तिकडे जात असेल. भट्टीजवळचे गुरुजी म्हणतात, हे आमच्या पटावरचे नाही. दोघेही खोटे बोलत नाहीत. १९९०च्या दशकात ‘विधायक संसद’ या संस्थेने भट्ट्यांवर ‘भोंगाशाळा’ चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुराची झोपडी. पुढे सरकारने स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड काढले. या शाळेतून निघालेल्या मुलाला त्या शाळेने वर्गात घ्यावे, यासाठी ते कार्ड. गणितातले ते वाटीसारखे चिन्हच जणू कागदावर उतरले! मात्र पोराबरोबर ते कार्ड निघते की नाही, हे उचल घेण्याच्या गडबडीत कोण पाहतो?

आणि असे दुहेरी पाहुणे केवळ वाडीवरच असतात असे नव्हे. प्रत्येक लेक माहेरची असते आणि सासरचीही. ९ सप्टेंबर २००५पासून हिंदू एकत्र कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगून टाकले. कायद्याने लग्नाची अटच ठेवली नाही. त्याने ‘किंवा’ म्हटले. घरात अजून ‘की’ चालतो. भाऊबीजेला बहीण येते, पाटाभोवती रांगोळी असते, निरांजन लागते, भाऊ ताटात ओवाळणी घालतो. ओवाळून झाले की कधी कधी हक्कसोडपत्राचा कागदही पुढे येतो: ‘ताई, तुला तिकडे काय कमी आहे?’ आणि तिकडे, सासरी, काही मागावे तर सासूबाई म्हणतात, ‘तुझ्या माहेरी नाही का?’