आतून हिरवं आहे

माणसाने खोटं बोलावं की नाही, हा विषय आम्हाला बी.कॉम.ला नव्हता. ऑडिटिंग होतं. दुसऱ्याचं खोटं कसं पकडावं ते त्यात शिकवायचे, पण आपण स्वतः बोलावं की नाही यावर त्या जाडजूड पुस्तकात एक ओळही नव्हती. त्यामुळे चाळिशी उलटेपर्यंत मी गरजेपुरतं खोटं बोलून सुखात होतो. काउंटरवर 'साहेब मीटिंगमध्ये आहेत', घरी 'आज कॅश टॅली होत नव्हती' आणि सासुरवाडीला 'शिरा काय सुरेख झालाय!' अशी तीन खोटी आळीपाळीने वापरली की मध्यमवर्गीय माणसाचा महिना निघतो. मग आमच्या बाल्कनीत लिंबाचं रोप उगवलं आणि नीतिशास्त्राचा प्रश्न कुंडीसकट घरात आला.

'उगवलं' म्हणालो, लावलं नाही. सौ.ने सरबताच्या बिया कुंडीत टाकल्या होत्या, त्यातली एक चुकून रुजली. त्याला आता सात वर्षं झाली. या सात वर्षांत झाडाने मला एकूण लिंबं दिली शून्य आणि काटे दिले अगणित. एवढ्या भांडवलावर मला आमच्या सोसायटीतल्या बागवाल्यांच्या मंडळात प्रवेश मिळाला.

मंडळ म्हणजे काही नोंदणीकृत संस्था नव्हे. वर्गणी नाही, अध्यक्ष नाही, त्यामुळे भांडणही नाही. आम्ही पाच जण. प्रत्येकाला आपापल्या झाडाचं नाव पडलेलं. निवृत्त हेडमास्तर म्हणजे गुलाबसर. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणजे कढीपत्ता. त्यांचं झाड इतकं माजलंय की सगळ्या इमारतीची आमटी त्याच्यावर चालते. एक करसल्लागार आहेत, ते कॅक्टस. स्वभावामुळे नव्हे हो, खरंच निवडुंगच लावतात. म्हणजे थोडंसं स्वभावामुळेही असेल. मी लिंबूशेठ. आणि सगळ्यांत वडीलधारे, पंचाहत्तरीचे अप्पा, त्यांच्याकडे अनंत.

संध्याकाळी सातला एकेकाच्या घरी झाडं बघायची आणि शेवटी अप्पांकडे चहा घ्यायचा, असा क्रम. या फेरीचा एक अलिखित कायदा आहे. ज्याचं झाड फुललंय त्याची टर उडवायची आणि ज्याचं वाळलंय त्याला धीर द्यायचा. जगात नेमकं उलटं चालतं. म्हणून तर जगाला आम्ही संध्याकाळी सातनंतर घरात घेत नाही. गुलाबसरांना बशीएवढा गुलाब आला तेव्हा कॅक्टसनी चष्मा पुसून विचारलं, "कागदाचा की प्लॅस्टिकचा?" काकूंच्या कढीपत्त्याला वेगळा मेंटेनन्स लावावा, असा ठराव दर महिन्याला होतो. पण कुणाचं पान पिवळं पडलं, की आवाज एकदम खाली येतात, जणू दवाखान्यात भेटायला आलोय.

धीर देण्याची खास भाषाही आहे. सगळी पानं गळली की 'मुळं धरतंय'. वर्षभर वाढ नाही की 'विश्रांती घेतंय'. पिठ्या ढेकणांनी झाड पांढरं केलं की 'गोडवा आहे झाडात, म्हणून तर लागले'. आणि काहीच उरलं नाही, नुसती काठी उभी आहे, की मग शेवटचं ब्रह्मास्त्र: 'आतून हिरवं आहे!' यात थोडं शास्त्र आहे बरं का. फांदीची साल नखाने खरवडायची. आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत, तपकिरी कोरडं दिसलं तर गेली. फक्त आमच्या मंडळात सहसा कुणी खरवडत नाही.

माझ्या लिंबासमोर उभं राहून हे चौघे सात वर्षं म्हणताहेत, "लिंबूशेठ, यंदा सरबत नक्की." त्यांना ते खरं वाटत नाही, मलाही वाटत नाही. तरी ते गेले की मी कुंडीत मूठभर शेणखत जास्त घालतो.

आता बँकेत या प्रकाराला फार वाईट नाव आहे. कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवस थकलं की खातं अनुत्पादक. पूर्वी ही सवलत १८० दिवसांची होती, मार्च २००४पासून ती निम्म्यावर आली. मग सबस्टँडर्ड, डाउटफुल, लॉस अशा पायऱ्या उतरत ते खातं खाली जातं. पण काही हुशार मंडळी काय करतात, तर खातं मरायला टेकलं की त्याच माणसाला नवं कर्ज देतात, त्यातून तो जुना हप्ता भरतो आणि कागदावर सगळं टवटवीत! याला म्हणतात एव्हरग्रीनिंग. सदाहरित. अर्थखात्यात इतकं बागकामी नाव दुसरं नसेल. २०१५ साली रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांच्या फांद्या नखाने खरवडून पाहिल्या, तेव्हा किती ठिकाणी आत तपकिरी निघालं ते पेपरात सगळ्यांनीच वाचलं. म्हणजे दिवसा जो गुन्हा, तोच मी संध्याकाळी सातला चहाबरोबर करतो. हा विचार मनात आला तेव्हा मी कुणालाच बोललो नाही. बोलायची वेळ अप्पांच्या अनंताने आणली.

तो अनंत अप्पांचा नव्हे, काकूंचा. अप्पांच्या काकूंचा. त्या जाऊन दोन वर्षं झाली. अप्पांना झाडातलं काही कळत नसे. हयातीत त्यांनी फक्त 'वास छान येतोय' एवढाच सहभाग घेतलेला. त्या गेल्यावर मात्र सकाळ-संध्याकाळ झारी घेऊन उभे. होळीच्या सुमाराला पानं पिवळी पडायला लागली. पिवळी पडली म्हणून अप्पांनी पाणी वाढवलं, पाणी वाढवलं म्हणून आणखी पिवळी पडली. मी रस्त्याकडेच्या नर्सरीवाल्याला सहज विचारलं, तर तो रोपं बांधता बांधता म्हणाला, "पाणी घालून मारताय साहेब. मुळांना हवा लागते का नाही? काढा कुंडीतून, कुजलेली मुळं कापा, माती बदला, नि पाणी आवरा." निदान फुकट, औषध जवळपास फुकट. आता फक्त अप्पांना सांगायचं होतं.

सांगा बघू तुम्ही! बायकोच्या मागे माणूस दिवसातून दोनदा तिच्या झाडाला पाणी घालतोय आणि तुम्ही जाऊन म्हणायचं, 'अप्पा, त्यानेच मरतंय.'

मी सोयीसाठी थोरामोठ्यांचा आधार शोधला. इमॅन्युएल कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने १७९७ साली यावर एक निबंधच लिहून ठेवलाय. खुनी माणूस दाराशी येऊन 'तुझा मित्र घरात आहे का' असं विचारतो, तरीही खोटं बोलायचं नाही, असं त्याचं म्हणणं. मला वाटतं, कांटसाहेबांच्या शेजारी कुणी बागवाला राहत नसावा. आपल्याकडे धर्मराजाचं उदाहरण आहे. त्याचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चाले. एकदाच 'नरो वा कुंजरो वा' केलं आणि चाकं धुळीला टेकली. माझी स्कूटर पहिल्यापासून जमिनीवरूनच चालते, तेव्हा ती भीती नव्हती. अप्रिय सत्य बोलू नये, असंही शहाणी माणसं म्हणून गेली आहेत. ते मला फार पटलं. आपल्याला जे करायचं नसतं त्याच्या बाजूने कुणीतरी ऋषी बोललेला असतोच.

तरी एकदा धीर करून म्हणालो, "अप्पा, पाणी जरा कमी केलं तर?" अप्पा म्हणाले, "अरे, ती उठली की चहाच्याही आधी हेच करायची." मी 'हो, हो' म्हणालो आणि बशीतला चहा प्यायलो. विषय संपला. एप्रिलअखेर झाडावर अकरा पानं होती. हिशेबाचा माणूस, मोजली. मेमध्ये काठी. जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेल्यावर अप्पा चहा टाकायला आत गेले, तेव्हा मी चोरून नखाने साल खरवडली. तपकिरी. कोरडी ठाक. अप्पा बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, "काय म्हणतंय?"

मी म्हणालो, "आतून हिरवं आहे."

इतकी खोटी बोललो आयुष्यात, पण हे एकच घशात अडकलं.

मग जुलैत चौथ्या मजल्यावरच्या वहिनींकडे ब्रह्मकमळ फुलायचं होतं. रात्री अकराला सगळी सोसायटी जमली. कुंकू-हळद, उदबत्ती, मसाला दूध. पाकळ्या डोळ्यांदेखत उलगडताहेत, वासाने जिना भरलाय आणि मंडळी हात जोडून उभी, अशा वेळी वहिनींच्या भाच्याने, जो वनस्पतिशास्त्र शिकतो, सांगून टाकलं की हे ब्रह्मकमळच नव्हे. हा एक निवडुंग, मूळचा मेक्सिको वगैरे भागातला. ज्याला पानं म्हणतो ते त्याचं चपटं खोड. खरं ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर होतं, उत्तराखंडचं ते राज्यफूल आहे. क्षणभर उदबत्तीसुद्धा थबकली. वहिनींचा चेहरा बघवेना. तेवढ्यात आमचे कॅक्टस पुढे झाले. "निवडुंग? म्हणजे माझ्याच घराण्यातला की! अहो, मेक्सिकोहून इतक्या लांबचा पाहुणा रात्री अकराला पोचलाय आणि तुम्ही दूध थंड करताय?" हशा पिकला. पूजा पुढे सुरू झाली. फूल ना नावाने फुललं होतं, ना नाव गेल्याने मिटलं.

मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. भाच्याने खरं सांगितलं, त्यात वहिनींचं काही गेलं नाही; न सांगता तरी काय बिघडलं असतं? माझ्या लिंबाबद्दल चौघे खोटं बोलतात, त्याची किंमत फार तर मूठभर शेणखत. पण अनंताच्या बाबतीत माझ्या गप्प बसण्याची किंमत एक झाड होती. तिन्ही नोंदी मी इतके महिने एकाच खात्यावर, 'गोड बोलणे' या सदरात, टाकत आलो होतो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही अशा चुकीला मार्क मिळत नाहीत.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच अप्पांकडे गेलो, एकटा. उभ्याउभ्याच सांगितलं. होळीला नर्सरीवाला काय म्हणाला ते, मी सांगितलं नाही ते, जूनमध्ये खरवडलं ते, सगळं.

अप्पा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "एप्रिललाच गेलं होतं ते. मीही खरवडलं होतं की."

"मग रोज पाणी घालत होतात ते?"

"छे. तुमची जिन्यात चाहूल लागली की वरवर झारी फिरवायचो. माती ओली दिसावी म्हणून."

आमच्या ऑडिटिंगच्या पुस्तकात याला विंडो ड्रेसिंग म्हणतात. म्हणजे मी धनको असून एव्हरग्रीनिंग करत होतो आणि ऋणको तिकडे ताळेबंद सजवत होता. उभं आयुष्य बँकेत काढून मला पत्ता नाही!

"पण कशासाठी, अप्पा?"

"काठी फेकून दिली असती तर सातला तुम्ही काय बघायला आला असतात?"

यावर काय बोलणार? मी खाली बसलो. थोड्या वेळाने, सुटका होईल या आशेने, विचारलं, "मी होळीलाच सांगितलं असतं तर?"

मला वाटलं, म्हणतील, 'छे रे, त्याचं आयुष्यच तेवढं.' आमच्या मंडळातला कुणीही हेच म्हणाला असता. अप्पांनी कपात साखर घातली, ढवळली आणि म्हणाले, "वाचलं असतं बहुतेक. मला राग आला असता तुझा. आठ-पंधरा दिवस बोललो नसतो. पण वाचलं असतं."

चहा घेऊन मी निघालो तेव्हा दारात त्यांनी थांबवलं. "आता खरं बोलायचंच ठरलंय तर ऐक. तुझी बाल्कनी उत्तरेची. लिंबाला दिवसभराचं ऊन लागतं. तिथे या जन्मात लिंबू धरायचं नाही."

"सात वर्षांत कधी बोलला नाहीत!"

"तू तरी कुठे विचारलंस?"

त्या रविवारी आम्ही दोघांनी ती काठी काढली. मुळांचा नुसता लगदा झाला होता. कुंडी धुऊन गच्चीवर उन्हात पालथी घातली. नवीन अनंत आणायचा का, हे मी विचारलं नाही आणि अप्पा बोलले नाहीत. सोमवारी सातला फेरी झाली. अप्पांकडे बघायला काहीच नव्हतं, तरी चहा झाला. काकूंनी कढीपत्त्याचं एक पिल्लू आणलं होतं, ते अप्पांनी मुकाट्याने खिडकीत ठेवलं. कॅक्टस म्हणाले, "चला, इथेही मेंटेनन्स सुरू."

शेवटी मंडळी माझ्या बाल्कनीत आली. गुलाबसर सवयीने म्हणाले, "लिंबूशेठ, यंदा सरबत नक्की." मी अप्पांकडे बघितलं. अप्पांनी चष्मा वर केला, वाकून झाड नीट न्याहाळलं, एक फांदी दोन बोटांत धरली, टोचलं, सोडली.

"काटे मात्र तरतरीत आहेत हो," ते म्हणाले. "पाणी बेतानं घाल."