रस्त्यावरील इस्राफ

ताटात अन्न टाकून उठणे हा इस्राफ आहे, हे आपल्या घरातील लहान मूलही सांगू शकते. वुजू करताना नळ मोकळा सोडला तर आजोबा लगेच टोकतात. लग्नात शंभर माणसांचे अन्न वाया गेले, तर मोहल्ल्यात महिनाभर त्याची चर्चा चालते. मात्र त्याच घरातील तरुण मोटारसायकल विनाकारण ताशी ८० ते ९० किलोमीटरने पळवतो, किंवा वडीलधारी माणसे रिकाम्या महामार्गावर कारचा काटा १२० पर्यंत नेतात, तेव्हा इस्राफ हा शब्द कोणाच्याही ओठांवर येत नाही. टाकलेला भात डोळ्यांना दिसतो, वाहणारे पाणी कानांना ऐकू येते. जळलेले पेट्रोल दिसत नाही आणि ऐकूही येत नाही.

वाचकहो, या विषयावर बोलू लागले की एक उत्तर हमखास मिळते : ‘‘गाडी माझी, पेट्रोल माझ्या पैशाचे, घाई माझी. यात दीनचा काय संबंध?’’ हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. त्याचा शांतपणे विचार केला पाहिजे, आणि त्यासाठी वाढलेल्या वेगात इंधन नेमके कोठे जाते, हे आधी समजून घ्यावे लागेल.

इंधन जाते कोठे?

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने धावणाऱ्या वाहनाला मुख्यतः दोन अडथळ्यांशी झुंजावे लागते. एक म्हणजे टायर रस्त्यावर फिरताना होणारा रोध, आणि दुसरा समोरच्या हवेचा रोध. पहिला वेगाबरोबर फारसा वाढत नाही. हवेचा रोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. ताशी ६० वरून ९० वर गेलात तर वेग दीडपट होतो, पण हवेला बाजूला सारण्यासाठी प्रत्येक किलोमीटरमागे लागणारी शक्ती सव्वादोन पट होते. मोटारसायकलवर ताठ बसलेला माणूस तर स्वतःच्या छातीने हवा अडवत असतो.

याचा अर्थ गाडी जितकी हळू तितकी बचत, असाही नाही. खालच्या गिअरमध्ये रेंगाळणारी किंवा उभ्या जागी इंजिन चालू असलेली गाडी अंतर न कापताच इंधन पिते. म्हणजे दोन्ही टोकांना नासाडी आहे आणि बचत मधल्या वेगात आहे. आपल्या देशातील पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था वाहनचालकांना ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग सुचवत आली आहे. ताशी ८० च्या तुलनेत या वेगात तेवढ्याच इंधनावर ४० टक्क्यांपर्यंत अधिक अंतर कापता येते, असे ती सांगते.

शहरात आणखी एक नासाडी होते. सिग्नल लाल दिसत असतानाही आपण गाडी जोरात पळवतो आणि जवळ जाऊन करकचून ब्रेक लावतो. इंधन जाळून मिळवलेली सगळी गती त्या क्षणी ब्रेकमध्ये उष्णता होऊन संपते. मग पुन्हा इंधन, पुन्हा गती, पुन्हा ब्रेक.

या बदल्यात हाती काय लागते? १२० किलोमीटरचा मोकळा रस्ता ताशी ८० ने दीड तासात कापला जातो, ताशी १०० ने ७२ मिनिटांत. फायदा १८ मिनिटांचा, तोही वाटेत टोलनाका, घाट किंवा गर्दी लागली नाही तर. शहरातील दहा किलोमीटरमध्ये तर हा फायदा पुढच्या एका सिग्नलवरच संपतो.

पैसा खरोखर माझा आहे काय?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. इस्लामच्या शिकवणीत माणूस संपत्तीचा अंतिम मालक नाही. तो अमानतदार आहे. तिरमिजी यांच्या संग्रहातील हदीसप्रमाणे, कियामतच्या दिवशी माणसाला आयुष्य कशात घालवले, संपत्ती कोठून मिळवली आणि कशात खर्च केली, हे विचारल्याशिवाय त्याचे पाऊल हलणार नाही. कमाई हलाल असली म्हणून दुसऱ्या प्रश्नातून सुटका होत नाही. सूरह आराफमध्ये खाण्यापिण्याची परवानगी आणि इस्राफची मनाई एकाच आयतीत आली आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये उधळपट्टी करणाऱ्यांना सैतानाचे भाऊ म्हटले आहे. सूरह फुरकानमध्ये रहमानच्या दासांची ओळख अशी सांगितली आहे की ते खर्च करताना उधळपट्टीही करीत नाहीत आणि कंजुषीही नाही, त्यांचा मार्ग या दोहोंमधला असतो.

वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाण्याचा अतिरेक नको, हा आशय असलेली हदीस इब्ने माजा यांच्या संग्रहात आहे. तिच्या सनदीबाबत हदीसतज्ज्ञांनी चर्चा केली आहे, पण वुजूमध्ये पाणी जपून वापरावे याबाबत विद्वानांत मतभेद नाही. जरा विचार करा, नदीकाठी सांडलेले पाणी पुन्हा नदीला तरी मिळते. जळलेले पेट्रोल परत येत नाही. लाखो-कोट्यवधी वर्षे जमिनीच्या पोटात घडलेली ही देणगी एकदाच जळते आणि प्रत्येक लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडून जाते. ती हवा आपली एकट्याची नाही. शिवाय आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून विकत घेतो. तेव्हा ‘माझे पेट्रोल’ या शब्दांत ‘माझे’ किती आणि इतरांचे किती, हे ज्याने त्याने तपासावे.

वेग मुळातच निषिद्ध आहे काय?

नाही. येथे अतिशयोक्ती करणे दीनला धरून होणार नाही. अखेरच्या हजच्या वेळी प्रेषित मुहम्मद (स.) अरफातहून निघाले, तेव्हाच्या दोन हकिकती हदीसमध्ये सुरक्षित आहेत. अब्दुल्लाह इब्ने अब्बास (रजि.) सांगतात की मागून आरडाओरडा आणि उंटांना मारल्याचे आवाज आले, तेव्हा प्रेषितांनी (स.) लोकांना शांत राहण्यास सांगितले आणि जनावरे पळवण्यात पुण्य नाही, हे समजावले. उसामा बिन जैद (रजि.) सांगतात की त्या प्रवासात प्रेषित (स.) मध्यम चालीने जात आणि मोकळी जागा मिळाली की वेग वाढवीत.

दोन्ही हकिकती एकत्र वाचल्या की मार्गदर्शन स्पष्ट होते. वेग परिस्थितीला धरून असावा. गर्दीत संयम हवा, मोकळ्या वाटेवर योग्य तेवढी चाल चालते. रुग्णाला दवाखान्यात नेणाऱ्याची घाई आणि मित्रांना दाखवण्यासाठी केलेली घाई यांना एका तराजूत तोलता येत नाही. सूरह बनी इस्राईलमध्ये जमिनीवर ताठ्याने चालण्यास मनाई आहे, कारण माणूस जमीन फाडू शकत नाही आणि पर्वतांची उंचीही गाठू शकत नाही. हजरत लुकमान यांनी आपल्या मुलाला केलेल्या उपदेशात चाल मध्यम ठेवण्याची ताकीद आहे. हा उपदेश वडिलांनी मुलाला केला आहे, हे विशेष लक्षात घ्यावे. मुलाच्या हाती गाडीची चावी देताना आपण त्याला काय सांगतो? आणि त्याचे वय झालेले नसतानाच चावी दिली, तर जबाबदार कोण? २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदाही अशा वेळी पालकाला दोषी धरतो.

इबादतीसाठी केलेली घाई

काही जण म्हणतील, जुमाची नमाज चुकू नये म्हणून गाडी पळवली तर तीही चूक का? सूरह जुमामध्ये नमाजची हाक होताच अल्लाहच्या स्मरणाकडे त्वरेने जाण्याचा आदेश आहे, हे खरे. पण भाष्यकारांनी त्याचा अर्थ धावत सुटणे असा केलेला नाही. व्यवहार सोडून, मनापासून निघणे असा केला आहे. बुखारी आणि मुस्लिम यांच्या संग्रहांतील हदीसमध्ये तर स्पष्ट मार्गदर्शन आहे. इकामत ऐकू आली तरी धावत येऊ नये, शांतपणे चालत यावे, जेवढी नमाज मिळेल तेवढी अदा करावी आणि राहिलेली पूर्ण करावी. ज्या दीनने नमाजसाठी पायी धावणेही पसंत केले नाही, तो गल्लीतून भरधाव गाडी नेणे कसे पसंत करील?

रमजानमध्ये मगरिबच्या आधीची पंधरा मिनिटे आपल्या रस्त्यांवर कशी जातात, हे आपण सर्व जाणतो. इफ्तारमध्ये विलंब करू नये ही सुन्नत आहे, पण तिचा संबंध सूर्यास्तानंतर रोजा सोडण्याशी आहे, दस्तरखानापर्यंत गाडी पळवण्याशी नाही. डिकीत चार खजूर आणि पाण्याची बाटली ठेवली, तर रस्त्याच्या कडेला थांबूनही ही सुन्नत पूर्ण होते.

दुसऱ्याची घाई, आपली जबाबदारी

या इस्राफचा सर्वच हिशेब चालकाच्या नावे लिहिणे न्यायाचे होणार नाही. घरपोच जेवण आणणारा तरुण चौकातून जीव मुठीत धरून जातो, कारण पाच मिनिटे उशीर झाला की आपण फोनवर त्याला सुनावतो. मालवाहू टेम्पोचा चालक रात्रभर वेगात असतो, कारण मालकाने अशक्य वेळ ठरवून दिलेली असते. पेट्रोल त्याचे, धोका त्याचा आणि घाई आपली! कष्टकऱ्यावर त्याच्या ताकदीपलीकडचे ओझे टाकू नये, ही शिकवण त्याच्या वेळेलाही लागू होते. अशा माणसाला ‘‘सावकाश या, भाऊ’’ एवढे म्हणणे हाही सदका ठरू शकतो.

बचत केवळ पैशाची नाही

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाचा पुरवठा रोखला, तेव्हा अमेरिकेने तेल वाचवण्यासाठी जानेवारी १९७४ मध्ये देशभरातील महामार्गांवर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा घालणारा कायदा केला. १९७३ मध्ये तेथे रस्त्यांवर सुमारे ५४ हजार माणसे मृत्युमुखी पडली होती. १९७४ मध्ये ही संख्या सुमारे ४५ हजारांवर आली. टंचाईमुळे लोकांचा प्रवासही कमी झाला होता, पण मंदावलेल्या वेगाचाही यात वाटा होता. इंधन वाचवण्यासाठी उचललेल्या पावलाने माणसेही वाचवली.

शरीअतच्या उद्दिष्टांत जीविताचे आणि संपत्तीचे संरक्षण यांना विद्वानांनी मूलभूत स्थान दिले आहे. अविचारी वेगात या दोन्हींना एकाच वेळी धक्का लागतो. आणि आवरलेल्या वेगात दोन्ही एकाच वेळी राखले जातात. त्यासाठी कोणताही मोठा त्याग करावा लागत नाही. घरातून दहा मिनिटे आधी निघावे, टायरमधील हवा वेळेवर तपासावी, लांबचा लाल सिग्नल पाहून आधीच अ‍ॅक्सिलरेटर सोडावा. महिन्याअखेरीस यातून जे पैसे उरतील, त्यांतून एखाद्या यतीमच्या वह्या येतील.

वाहनावर बसताना आपण जी दुआ पढतो, ती सूरह जुख्रुफमधील आहे. ज्याने हे वाहन आपल्या ताब्यात दिले, त्याचे पावित्र्य आपण वर्णन करतो, आपल्या बळावर ते शक्य नव्हते असे कबूल करतो, आणि आपल्याला आपल्या पालनकर्त्याकडेच परतायचे आहे, असे म्हणतो. हे शब्द जिभेवर असताना हात काय करीत आहे, याकडे आपण लक्ष द्यावे. जे ताब्यात दिले गेले आहे त्याचा हिशेब द्यावा लागेल, आणि जेथे परतायचे आहे तेथे घाई करून लवकर पोहोचण्याचा आदेश आपल्याला दिलेला नाही.

अल्लाह आपल्या सर्वांना प्रत्येक देणगीची कदर करण्याची आणि चालीत, खर्चात व स्वभावात मध्यम मार्ग धरण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.