बिचारी

"बिचारी! तिचा ह्यात काय दोष?" हे वाक्य आमच्या पिंपळगाव बसवंतात मी अनेकदा ऐकले आहे. एखाद्या घरी एच.आय.व्ही. आहे अशी कुजबुज सुरू झाली, की दोन-चार दिवसांत गावाची दया वाटून होते. लेकराला ओंजळ भरून, बायकोला मापात, आणि नवऱ्याला, त्यातून तो ट्रकवर असला तर, चिमूटभरही नाही. असे बोलणारी माणसे दुष्ट नसतात. बहुधा तीच त्या घरी डबा पोचवतात. तथापि त्या 'बिचारी'त एक तराजू लपलेला आहे, आणि त्याची मला अलीकडे भीती वाटू लागली आहे.

आमचे गाव मुंबई-आग्रा रस्त्यावरचे. भाद्रपद-आश्विनात बाजार समितीत टोमॅटोचे क्रेट उतरू लागले, की परप्रांतांतल्या ट्रकांच्या रांगा लागतात. माल उत्तरेकडे वेळेवर पोचला तर आपली दिवाळी गोड. आडत्याच्या हिशेबपट्टीत हमाली असते, तोलाई असते. तो माल नेणारा मनुष्य आठवडेच्या आठवडे घराबाहेर असतो, ही बाब मात्र कोणत्याच पट्टीत मांडलेली नसते. घरी एच.आय.व्ही. निघाला, की तेवढी ती आपल्याला आठवते.

शेजारच्या अण्णांना मधुमेह झाला तेव्हा त्यांनी जन्मभर किती जिलब्या खाल्ल्या, हे कोणी विचारले नाही. उलट पाडव्याला "एका चिरोट्याने काय होते!" म्हणून आग्रहच झाला. एच.आय.व्ही.चे नाव निघाले, की पहिला प्रश्न "कसा झाला?" हाच. विषाणूला पापपुण्य कळत नाही. तो लैंगिक संबंधातून, रक्तातून, दूषित सुईतून आणि आईकडून बाळाला जातो. एका ताटात जेवल्याने, हातात हात घेतल्याने किंवा डास चावल्याने तो जात नाही. कुष्ठरोगालाही आपण पूर्वजन्मीचे पाप म्हणत होतो. १९८२ पासून त्यावर बहुविध औषधोपचार सुरू झाला आणि गोळ्यांनी ते 'पाप' बरे होऊ लागले!

एच.आय.व्ही. अजून समूळ बरा होत नाही, पण १९९६ च्या सुमारास अनेक औषधे एकत्र देण्याची रीत आली आणि मरणाची शिक्षा टळली. तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांच्या औषधांना वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक पडत. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच तीन औषधे साडेतीनशे डॉलरांत देऊ केली. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारी रुग्णालयांतून ती फुकट मिळू लागली. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. ती न चुकता घेतली आणि रक्तातला विषाणू मोजण्यापलीकडे गेला, की लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. आईने वेळीच औषध घेतले, तर बाळही बहुतेक वेळा वाचते. गोळी सोडली, की दडून बसलेला विषाणू पुन्हा डोके वर काढतो.

म्हणजे सगळे वेळेवर तपासणी होण्यावर येऊन ठेपले. आणि तपासणीआधीच ज्याचा निकाल गावाने लावून ठेवला आहे, तो रक्त द्यायला जाईल कशाला? तो लपतो, औषधाविना राहतो, आणि त्याचा विषाणू जातो कोणाकडे? त्या बिचारीकडेच. आपल्या दयेची किंमत तीच मोजते.

द्राक्षाच्या छाटणीला जाणारी एक बाई महिनोन्महिने नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातून गोळ्या आणीत असे. तिचे मी सांत्वन करू लागलो, तेव्हा ती म्हणाली, "गुरुजी, मला बिचारी म्हणू नका हो. मी बिचारी झाले का ते चोर होतात. अन् पोरगं तर त्यांचंच नाव लावतं."

मग नवऱ्यावर काहीच जबाबदारी नाही का? आहे, आणि जड आहे. आपल्याला एच.आय.व्ही. आहे हे ठाऊक असून जो बायकोपासून लपवतो आणि तिला धोक्यात घालतो, त्याची मी बाजू घेणार नाही. मात्र रोग कसा आला हा एक हिशेब आणि कळल्यावर मनुष्य कसा वागला हा दुसरा. आपण पहिल्याची वही चाळत बसतो आणि दुसऱ्याची उघडीतच नाही. ह्या बाबतीत आपला कायदा गावापेक्षा शहाणा निघाला. २०१७ साली झालेला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात असलेला हा कायदा संमतीवाचून तपासणी करू देत नाही, गुपित फोडू देत नाही. तरीही संसर्ग पुढे जाऊ न देण्याचे कर्तव्य तो रोग्यावरच टाकतो, आणि जोडीदाराला खरा धोका असेल तर डॉक्टराला सांगण्याची वाट ठेवतो. त्यातही, सांगितल्याने बाईला मारहाण होण्याची किंवा घराबाहेर काढले जाण्याची रास्त भीती असेल, तर सांगू नये असे म्हणतो. 'बिचारी'ची एवढी बारीक काळजी आपल्या ओट्यावर कोणी घेतल्याचे मला आठवत नाही.

तुळशीचे लग्न लागले, की इकडे स्थळे पाहणे सुरू होते आणि मुलींचे बाप माझ्याकडे पत्रिका घेऊन येतात. मी सांगतो, मुलाने आणि मुलीने दोघांनी आपखुशीने सरकारी केंद्रात रक्त तपासावे. तपासणी फुकट असते, समुपदेशक नीट समजावतो, आणि संसर्ग अगदी ताजा असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा यायला सांगतो. गेल्या साली एकाने शंका काढली, "आणि मुलाचा रिपोर्ट वाईट आला, तर गावाला काय सांगायचे?"

"गावाला? गावाला सांगायचे कशाला?" मी विचारले. तो बराच वेळ टोपी हातात घेऊन बसला होता.